विश्लेषण : लघुउद्योजकाला गिऱ्हाईक मिळवून देणारा गट हवा की खरे बोलणारा?

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील छोट्या व्यावसायिकांना सकाळच्या ‘नेटवर्किंग’ बैठका आता नव्या नाहीत. दुकान उघडण्याआधी, कारखान्याची पहिली पाळी सुरू होण्याच्या सुमारास तीस-चाळीस जण एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये जमतात. प्रत्येकाला आपल्या धंद्याची ओळख करून द्यायला मिनिटभर मिळते. कोणी कोणाला किती कामे मिळवून दिली याचा हिशेब होतो, टाळ्या पडतात, नाश्ता होतो आणि मंडळी पांगतात.

या बैठकांनी अनेकांना गिऱ्हाईक मिळवून दिले, हे खरे. पण मोठ्या गिऱ्हाइकाने चार महिन्यांचे पैसे थकवले आहेत, भागीदाराशी पटेनासे झाले आहे, मुलाला धंद्यात यायचे नाही किंवा या महिन्यात बँकेचा हप्ता भरायचा की पगार करायचे असा पेच पडला आहे, हे तिथे कोण बोलणार? ज्याच्याकडून उद्या काम हवे आहे, त्याच्यासमोर आजची अडचण कोणी उघडी करत नाही. कांदिवलीतल्या लघुउद्योजकाला आज उणीव आहे ती नेमकी अशा बोलण्याच्या जागेची. ती जागा कशी असते, तिचा फायदा होतो का आणि ती कशी उभी करता येईल, याचे हे विश्लेषण.

व्यावसायिकांचे ‘पीअर ग्रुप’ म्हणजे नेमके काय?

पीअर म्हणजे बरोबरीचा. धंदा चालवणाऱ्या बरोबरीच्या माणसांनी ठरावीक दिवशी भेटून एकमेकांच्या धंद्याबद्दल बोलायचे, एवढी ही साधी कल्पना आहे. मात्र त्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते.

पहिला प्रकार कामे देण्या-घेण्याचा. इथे गटात प्रत्येक व्यवसायातला एकच सदस्य घेतला जातो. म्हणजे सीए एक, इंटिरियरवाला एक, विमा एजंट एक. प्रत्येकाने इतरांसाठी आपल्या ओळखीतून काम आणायचे. ‘बीएनआय’ हे या प्रकाराचे सर्वांत परिचित नाव.

दुसरा प्रकार सल्लामसलतीचा. आठ-दहा मालक बंद दाराआड बसतात. एक जण आपला प्रश्न आकड्यांसह मांडतो, बाकीचे प्रश्न विचारतात आणि स्वतःवर असा प्रसंग आला तेव्हा काय केले ते सांगतात. तिथे विक्री करायची नसते आणि झालेले बोलणे बाहेर न्यायचे नसते. मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांना असे गट अनेक दशकांपासून उपलब्ध आहेत. चारकोपच्या गाळेवाल्याला मात्र बहुतेक वेळा पहिलाच प्रकार ठाऊक असतो.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेत १७२७ साली बेंजामिन फ्रँकलिन या एकवीस वर्षांच्या छपाईवाल्याने फिलाडेल्फियात ‘जुंटो’ नावाचे मंडळ काढले. त्यात चांभार, सुतार, मोजणीदार असे हाताने काम करणारे लोक होते. दर शुक्रवारी संध्याकाळी ते भेटत. गावात कोणाचा धंदा बुडाला आणि का, कोणाची भरभराट झाली आणि कशामुळे, असे प्रश्न चर्चेला असत.

पुढे १९५० मध्ये रे हिकॉक यांनी ‘यंग प्रेसिडेंट्स ऑर्गनायझेशन’ म्हणजे ‘वायपीओ’ सुरू केली. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी घरच्या कारखान्याची जबाबदारी अंगावर पडल्यावर विचारायचे कोणाला, हा त्यांचा स्वतःचाच प्रश्न होता. १९५७ मध्ये रॉबर्ट नोर्स यांनी मिलवॉकीत कंपनीप्रमुखांचा गट सुरू केला. तीच संस्था आज ‘व्हिस्टाज’ म्हणून ओळखली जाते. १९८५ मध्ये इव्हान मिस्नर यांनी कॅलिफोर्नियात बीएनआयची, तर १९८७ मध्ये व्हर्न हार्निश यांनी तरुण उद्योजकांच्या संघटनेची, आजच्या ‘ईओ’ची, सुरुवात केली. ईओच्या सदस्यत्वासाठी वार्षिक उलाढाल किमान दहा लाख डॉलर लागते. साहजिकच छोटा गाळेवाला त्या दारापर्यंत पोहोचत नाही.

महाराष्ट्रात काही नव्हते का?

होते. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स उभी राहिली. पुण्यात १९३४ मध्ये मराठा चेंबर सुरू झाली. पण चेंबरचे मुख्य काम सरकारदरबारी उद्योगांचे म्हणणे मांडण्याचे. तिथे धोरणावर बोलता येते, स्वतःच्या ताळेबंदावर नाही.

मराठी उद्योजकांसाठी २००० साली माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब सुरू केला. भिडे हे रेल्वेत काम केलेले अभियंते. ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे ऐकून घेण्यापेक्षा धंदा करणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहावे, हा त्यामागचा विचार. क्लबच्या ब्रीदवाक्यात तुकोबांच्या एका चरणातला ‘सुपंथ’ हा शब्द जाऊन तिथे ‘श्रीमंत’ आला आहे. पैसा मिळवण्याचा संकोच असलेल्या समाजासाठी हा बदल गरजेचा होता. आता पुढचा टप्पा आहे तो कामे मिळवून देण्याबरोबर एकमेकांच्या चुका दाखवून देण्याचा.

कांदिवलीत याची गरज का?

कांदिवली म्हटले की ठाकूर व्हिलेज, लोखंडवाला, महावीर नगर अशी राहण्याची ठिकाणे डोळ्यांसमोर येतात. पण हे उद्योगांचेही उपनगर आहे. पूर्वेला आकुर्ली रस्त्यावर महिंद्रचा ट्रॅक्टर कारखाना आहे, तर पश्चिमेला चारकोपची औद्योगिक वसाहत. त्या गाळ्यांमध्ये प्लास्टिक मोल्डिंग, इंजिनीअरिंगचे जॉबवर्क, छपाई, पॅकेजिंग अशी कामे चालतात. शिवाय घरातून डबे, केक, कपडे, शिकवण्या असे व्यवसाय चालवणाऱ्या महिला इथल्या जवळपास प्रत्येक सोसायटीत सापडतील.

या मंडळींपुढचे प्रश्न एकमेकांशी मिळतेजुळते आहेत. गाळ्याची किंमत वाढली, मग तो विकून वसई किंवा पालघरला जायचे का? गेलो तर वीस वर्षांचे जुने कारागीर बरोबर येतील का? मशिन कर्जावर घ्यायचे की सेकंडहँड? मुलगी इंजिनीअर झाली, तिला कारखान्यात आणायचे की नोकरी करू द्यायची? यांची तयार उत्तरे कुठल्याही पुस्तकात नाहीत. ती असतात दोन वर्षांपूर्वी याच पेचातून गेलेल्या माणसाकडे, आणि तो कदाचित दोन गाळे सोडून बसतो.

ज्यांच्या घरात तीन पिढ्या व्यापार आहे, त्यांना हा सल्ला रात्रीच्या जेवणाच्या ताटावर मिळतो. काका, मामा, सासरे यांच्यापैकी कोणीतरी तो अनुभव घेतलेला असतो. पहिल्या पिढीच्या उद्योजकाचे तसे नसते. वडील बँकेत, काका बेस्टमध्ये, सासरे महापालिकेत. घरून प्रेमाने मिळणारा सल्ला बहुधा एकच असतो : ‘एवढा त्रास होतोय तर बंद कर आणि नोकरी बघ.’ कामगारांसमोर चिंता दाखवता येत नाही, बँकेसमोर तर अजिबात नाही. सीए विवरणपत्र भरून देतो, पण धंदा कोणत्या दिशेने न्यायचा हे सांगणे त्याचे काम नव्हे. मालक अशा रीतीने एकटा पडतो आणि एकटेपणात घेतलेले निर्णय महागात पडतात.

असा गट प्रत्यक्षात काय करू शकतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चारकोपच्या एका मोल्डिंग कारखान्याची वार्षिक विक्री ३ कोटी रुपये आहे. त्यातला ६० टक्के माल, म्हणजे १ कोटी ८० लाखांचा, एकच मोठे गिऱ्हाईक उचलते. ते पैसे १२० दिवसांनी देते. मालकाच्या मते हे गिऱ्हाईक म्हणजे त्याच्या धंद्याचा कणा.

गटात हे मांडल्यावर कोणीतरी मोबाइलवर हिशेब करतो. १२० दिवसांच्या उधारीत कायम सुमारे ५९ लाख रुपये अडकलेले आहेत. तेच पैसे ४५ दिवसांत आले तर अडकलेली रक्कम सुमारे २२ लाखांवर येईल. मधल्या ३७ लाखांसाठी मालक बँकेच्या कॅश क्रेडिटवर ११ टक्के व्याज भरत असेल, तर वर्षाला ४ लाखांहून अधिक रक्कम केवळ गिऱ्हाइकाच्या सोयीपोटी जाते. माल विकताना हे व्याज भावात धरले होते का, असा पुढचा प्रश्न येतो. बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच असेल.

मग दुसरा सांगतो, त्याने असल्याच गिऱ्हाइकाला दोन भाव दिले होते : ४५ दिवसांचा एक आणि १२० दिवसांचा दुसरा. तिसरा सांगतो, त्याने सहा महिन्यांत तीन छोटी गिऱ्हाइके जोडली आणि मगच मोठ्याशी बोलायला बसला. चौथा म्हणतो, त्याने घाई केली आणि ऑर्डर हातची गेली. मालकाला यातून आदेश मिळत नाही. चार जणांनी काय केले आणि त्याचे काय झाले, हे मात्र कळते. निर्णय त्याचाच राहतो.

थकबाकीसाठी कायदा आहे, मग गट कशाला?

कायदा आहे आणि तो चांगला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाने माल किंवा सेवा दिल्यावर खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते. तक्रारीसाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टल सुरू झाले.

बिलाच्या बदल्यात लवकर पैसे मिळवण्यासाठी ‘ट्रेड्स’ हे ऑनलाइन व्यासपीठही आहे. तिथे खरेदीदाराने बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला थोडी सूट कापून रक्कम मिळते. २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या व्यासपीठावर नोंदणी बंधनकारक करण्यात आली असून त्यासाठी ३१ मार्च २०२५ ही मुदत होती.

अडचण कागदावर नाही, मनात आहे. ज्या गिऱ्हाइकावर घर चालते, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला हात धजत नाही. उद्यम नोंदणी असूनही ती बिलावर छापलेली नसते. ट्रेड्सचे नाव ऐकलेले असते, पण पहिले बिल चढवणारा ओळखीत कोणी नसतो. ‘हे कर, काही होत नाही, मागच्या वर्षी केलं होतं,’ असे सांगणारा शेजारी भेटला तर योजना कागदावरून गाळ्यात येते. सरकारी शिबिरातले सादरीकरण हे काम करू शकत नाही.

याचा खरोखर फायदा होतो, याला पुरावा काय?

चीनमधील नानचांग शहरात जिंग काय आणि अॅडम सायडल या अर्थशास्त्रज्ञांनी याचा मोठा प्रयोग केला. त्यांचा शोधनिबंध २०१८ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. २,८२० तरुण कंपन्या निवडून त्यांतील काहींच्या मालकांचे सोडत पद्धतीने छोटे गट केले गेले. ते वर्षभर दर महिन्याला भेटले. उरलेल्यांच्या बैठका झाल्या नाहीत. मग दोन्हींची तुलना झाली.

भेटणाऱ्यांची विक्री सरासरी ८.१ टक्क्यांनी वाढली. नफा वाढला, कर्ज मिळणे वाढले, व्यवस्थापनही सुधारले. बैठका थांबल्यावर वर्षभराने पाहिले तरी परिणाम टिकून होता.

त्यातले आणखी तीन निष्कर्ष कांदिवलीसाठी महत्त्वाचे आहेत. एक, ज्यांच्या गटात अधिक चांगले चालणारे उद्योजक होते, त्यांची वाढ अधिक झाली. दोन, एकमेकांचे स्पर्धक नसलेल्या मालकांनी उपयोगी माहिती अधिक मोकळेपणाने सांगितली. तीन, एकदाच होणाऱ्या भेटीपेक्षा नियमित भेटींतून व्यवहाराची नाती अधिक जुळली. म्हणजे नियमित भेटणाऱ्या गटात धंदाही मिळतो, आणि त्यासाठी मिनिटभराच्या जाहिरातीची गरज पडत नाही.

मग सध्याच्या गटांत काय चुकते?

या गटांना मोडीत काढण्याचे कारण नाही. नवख्या व्यावसायिकाला चार लोकांसमोर उभे राहून आपले काम सांगता येणे ही मोठी गोष्ट आहे. शिस्त, वेळ पाळणे, दिलेला शब्द पाळणे, हे त्यांनी शिकवले.

अडचण मोजमापात आहे. गटाचे यश ‘किती रुपयांची कामे दिली’ यावर मोजले की सदस्य तेवढेच बोलतात. छपाईवाल्याला कळते की इंटिरियरवाल्याचे काम दर्जेदार नाही, पण तो तोंड उघडत नाही, कारण पुढच्या आठवड्यात त्याच्याकडून काम हवे असते. कौतुक वाढते, टीका आटते.

दुसरी अडचण जाती-भाषेच्या कुंपणाची. मराठी उद्योजकांचा क्लब, जैन समाजाची ‘जितो’, इतर समाजांची मंडळे, यांनी आपापल्या माणसांना हात दिला. पहिल्या पायरीवर आपल्या भाषेत बोलता येण्याचा आधार मोठा असतो. पण आपल्यापेक्षा पुढे गेलेल्यांबरोबर बसल्याने वाढ होत असेल, तर शेजारच्या गाळ्यातल्या गुजराती, मारवाडी किंवा दाक्षिणात्य मालकाला बाहेर ठेवून नुकसान मराठी उद्योजकाचेच आहे. त्याच्या घरात तीन पिढ्यांत साठलेले शहाणपण याच टेबलावर मिळू शकते.

तिसरी अडचण वेळेची. सकाळी सातची बैठक म्हणजे मुलांच्या डब्यांची आणि शाळेच्या बसची वेळ. घरातून व्यवसाय करणारी महिला त्या वेळी येऊ शकत नाही आणि मग ‘बायका नेटवर्किंगला येत नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो. दुपारी तीनची बैठक ठेवून पाहिली तर उत्तर वेगळे येईल.

यात धोके कोणते?

मालक एकत्र बसले की भाव ठरवण्याचा मोह होतो, हे अॅडम स्मिथने १७७६ मध्येच नोंदवून ठेवले आहे. एकाच धंद्यातल्या लोकांनी संगनमताने भाव ठरवणे किंवा गिऱ्हाइके वाटून घेणे हा स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ चा भंग आहे. त्यामुळे गटात एका धंद्यातला एकच, हा नियम केवळ सोयीचा नाही, तो सुरक्षिततेचाही आहे.

दुसरा धोका गुपिते फुटण्याचा. कांदिवलीसारख्या ठिकाणी पुरवठादार, बँकेतला अधिकारी आणि कारागीर एकमेकांना ओळखतात. ‘अमक्याचे पगार लांबले’ ही बातमी बाहेर गेली तर उधारीवर माल मिळणे बंद होते. तिसरा धोका गटाआडून विमा, गुंतवणूक योजना किंवा महागडी शिबिरे खपवणाऱ्यांचा. शुल्क मोठे आणि त्यातून वक्त्याची प्रसिद्धीच अधिक, असे दिसले की उठलेले बरे.

असा गट सुरू करायचा तर कसा?

यासाठी मोठी संस्था किंवा हॉटेलचा हॉल लागत नाही. पाळी सुटल्यावर रिकामा होणारा गाळा किंवा सोसायटीचे कार्यालय पुरते. मेट्रोमुळे दहिसर ते अंधेरी पट्ट्यातल्या मालकांना एकत्र येणेही सोपे झाले आहे. नियम मात्र पक्के हवेत.

• सदस्य आठ ते दहा. एका धंद्यातला एकच. एकमेकांचे नातेवाईक, सावकार किंवा मोठे गिऱ्हाईक नकोत.

• धंद्याचा आकार फार विषम नको, पण दोघे-तिघे पुढे गेलेले हवेत.

• महिन्यातून एकदा, तीन तास. दिवस वर्षभरासाठी आधीच ठरवलेला. सलग दोनदा न येणाऱ्याने जागा सोडावी.

• बैठकीत विक्री बंद. कार्डे वाटायची नाहीत.

• प्रत्येकाने चार आकडे आणायचे : महिन्याची विक्री, हातातील ऑर्डरी, उधारी वसूल व्हायला लागणारे दिवस आणि बँकेच्या मर्यादेपैकी वापरलेली रक्कम.

• एका बैठकीत दोघांचेच प्रश्न. आधी अर्धा तास फक्त प्रश्न विचारायचे. नंतर ‘तू असं कर’ म्हणायचे नाही, ‘असं झालं तेव्हा हे केलं होतं’ एवढेच सांगायचे.

• ऐकलेले बाहेर जाणार नाही, घरीसुद्धा नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप फक्त तारीख-वेळेपुरता.

• पुढच्या बैठकीची सुरुवात एका प्रश्नाने : मागच्या वेळी ठरवले ते केले का?

शेवटचा नियम सर्वांत अवघड आहे. गिऱ्हाइकाशी बोलतो म्हणून सांगितले आणि महिनाभर फोनच केला नाही, हे आठ जणांसमोर कबूल करावे लागते. त्याच संकोचापोटी अनेक जण तो फोन करतात.

पुढे काय?

औद्योगिक वसाहतींच्या सहकारी संस्था वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा घेतात आणि पाणी, पार्किंग, दुरुस्तीनिधी यांवर भांडतात. त्याच संस्थांनी सभासदांचे असे दोन-तीन गट जुळवून दिले, तर खर्च जवळपास शून्य आहे. सॅटर्डे क्लबसारख्या संस्थांनी कामे देण्या-घेण्याच्या बैठकांशेजारी सल्लामसलतीची छोटी, बंद टेबले सुरू करावीत. सदस्यांचा एकमेकांवरचा विश्वास तिथे आधीच तयार आहे.

उद्योजकाने मात्र संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिल्या बैठकीला पाच जण पुरतात. विषयही शोधावा लागणार नाही. प्रत्येकाने आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाची थकबाकी किती आणि किती दिवसांची आहे, हे एका कागदावर लिहून आणावे. तीन तास बोलायला तेवढे पुष्कळ आहे.